शुक्रवारचं विमान

आप्पा, मी दादाकडे अमेरिकेला जायचं ठरवतोय. ठरवतोय म्हणजे, तुम्ही पंचांग घेऊन बसायचात तसा चष्मा कपाळावर ढकलून संगणकापुढे विमानं पाहत बसतोय. दादाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर त्याला विमानात बसू देत नाहीत. फोनवर तो एवढंच म्हणाला, "तू ये रे एकदा. आपल्यातल्या कुणीच माझं घर पाहिलेलं नाही." मग म्हटलं, जायचंच.

मुंबईहून युरोप, तिथे विमान बदलायचं, मग अटलांटिक. हा तुमच्या पुराणातला क्षारसमुद्र की इक्षुरसाचा, हे विचारायचं राहून गेलं. तिकडून दुपारी उडालेलं विमान सात-आठ तास उडतं आणि त्याच दुपारी उतरतं. मधले तास कुठे ठेवतात कोण जाणे. पुढे दादाच्या गावाला बस नाही, रेल्वे नाही. भाड्याची गाडी घ्यायची आणि आपणच चालवायची. बरोबर येणाऱ्या तुमच्या सूनबाई म्हणतात, "अहो, मिरकरवाड्याहून वर येताना चढावर गाडी बंद पाडता तुम्ही!" मी म्हटलं, तिकडच्या गाडीला गिअर टाकावे लागत नाहीत. "मग तुम्हाला काम काय उरलं?" तिकडे गाड्या उजवीकडून धावतात, म्हणून चौकालाही उलटा वळसा. आपल्याकडे नकळत प्रदक्षिणा घडते, तिथे अपसव्य. पितरांच्या कामाला हीच दिशा, नाही का?

एक अडचण. परवडणारं विमान शुक्रवारचं आहे, आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, त्या दिशेला निघायचं नाही. दादाकडे जायचं तुमचंही तिकीट शुक्रवारचंच होतं. तेव्हाचं अजून दिसतं : तुम्ही स्वयंपाकघरात नारळ सोलताय, आई चुलीपाशी, आणि मी, नुकताच शास्त्री झालेला, शहाणपणा करतोय : "आप्पा, पृथ्वी गोल. अमेरिका पूर्वेनेही गाठता येते. मग दिशा कुठली धरायची?" तुम्ही हातातला नारळ दोनदा फिरवून बघता. "विमान कुठे तोंड करून उडणार आहे?" "पश्चिमेला." "मग विचारतोस काय?" त्यावर तोडगा तुमच्याकडे होताच, प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी उपरण्यात तांदूळ-सुपारी बांधून शेजारच्या घरी ठेवून यायची, की प्रवास सुरू झाला. आपण निघताना ती उचलायची. "म्हणजे सुपारी पुढे, आपण मागून?" असं हसून विचारलं तर म्हणालात, "सुपारी तुझ्यापेक्षा वेळेवर निघते."

बुधवारी प्रस्थान ठेवलंत, आणि गुरुवारी सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता गेलात. गुरुवारी दक्षिणेला, यमाच्या दिशेला, दिशाशूल असतं. जन्मभर वार पाळले आणि नेमके त्या दिवशी नेमक्या त्या दिशेला निघालात. दादाला तुमच्यासाठी लावलेली खोली दाखवता आली नाही, आणि वेळेवर इथे पोहोचताही आलं नाही. तो हे कधी बोलत नाही. "कुणीच घर पाहिलेलं नाही" यात मला तेच ऐकू आलं.

तर परवा मीही उपरणं घेऊन शेजारच्या काकूकडे गेलो. "प्रस्थान ठेवायचंय." "तू? तू तर हसायचास की रे मेल्या!" तिने फडताळ उघडलं आणि घुटमळली. "इथे आधीचं आहे ना अजून. आप्पांचं." मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं?" "न्यायला आले नाहीत ते. दुसऱ्याचं प्रस्थान मी कसं मोडू? गणपतीच्या आधी खालची फळी पुसते नि परत तिथेच ठेवते."

म्हणजे शास्त्राप्रमाणे तुम्ही अजून वाटेवर आहात. माझं तिथे ठेवलं, तुमचं उचलून आणलं. तांदळाचं पीठ झालंय, सुपारी शाबूत आहे. पीठ काकूने तुळशीत टाकलं. तुमचं उपरणं धुऊन बॅगेत ठेवलंय. सुपारी तिकडे उतरल्यावर दाखवावी लागेल म्हणतात. ही काय आहे, असं कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारलं तर नक्की काय सांगायचं, याचा विचार चालू आहे. काढून घेतली तर घेतली, उपरणं दादाच्या त्या खोलीत पोचेल.

हे पत्र कुठे टाकत नाही. तुम्ही बरोबरच असणार, तर टपालाचा उद्योग कशाला? फक्त एक सांगून ठेवतो. गाडी ठरवताना माणसं किती ते विचारतात. मी तीन भरलं. हिने विचारलं, "तिसरं कोण?" मी म्हटलं, "सामान."