स्तोत्राच्या माथ्यावरची ओळ

वरसे, रोहा
१० फेब्रुवारी २०२५

चि. आसावरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तुझं निम्मं मला कळत नाही आणि मी हो हो म्हणून ठेवून देते. त्यापेक्षा हे बरं.

वाचनालयातल्या माझ्या व्याख्यानासाठी तू शिफ्ट बदलून आलीस, पडदा आणि आवाज सांभाळलास, त्याची शाबासकी राहिली होती. बायबलमधल्या स्तोत्रांवर बोलायचं म्हटल्यावर वीस माणसं येतील असा ग्रंथपाल हेमांगीचा अंदाज होता. खुर्च्या कमी पडल्या. मिर्‍यामने तिच्या वडिलांनी दाविदाच्या स्तोत्रावर रचलेलं मराठी कीर्तन म्हटलं, मग तू पडद्यावर त्या दोन रेघा दाखवल्यास आणि सगळे केवढे खुलून हसले. मला नेमकं कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून मीही हसले. त्या गडबडीत माझा उत्तरार्ध तेवढा राहून गेला.

आता काळजीचं. त्या दिवसापासून मिर्‍याम आलेली नाही. इतकी वर्षं ती संध्याकाळी माझ्या ओटीवर येते, दोन ओळी गाते, माझ्या चहाला नावं ठेवते आणि जाते. मी दोनदा तिच्याकडे गेले, दोन्ही वेळा सुनेने दारातूनच डोकं दुखत असल्याचं सांगितलं. नऊ मार्चला त्यांच्याकडे, बेने इस्रायली रीतीप्रमाणे, नातीच्या लग्नाआधीचा मलिदा आहे. पोह्याखोबऱ्याचं ताट मांडून एलिया नबीची आठवण काढतात, तेव्हा ती वडिलांचं कीर्तन म्हणायची होती. आता म्हणणार नाही म्हणते, असं सूनच म्हणाली. तुला काही ठाऊक आहे का?

श्रेयसला, आमच्या जावयाला, आशीर्वाद. जेवणाकडे लक्ष दे.

तुझी,
वत्सलाआत्या

पेण
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्या दोन रेघा म्हणजे स्वरांचे आलेख. निळी रेघ मिर्‍याममावशींच्या कीर्तनाची, लाल रेघ एका जुन्या तबकडीवरच्या गाण्याची. दोन्ही जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या. लोकांना त्याची गंमत वाटली असावी.

मावशींना बरं नसेल. या दिवसांत हवा बदलते.

कंपनीत सध्या देखभालीसाठी प्लांट बंद आहे, त्यामुळे माझ्याकडची सगळी मापकं तपासणं चालू आहे. श्रेयस म्हणतो की मी माणसांकडेही मापक लावल्यासारखं बघते.

कानातलं यंत्र डबीत आहे की कानात? तुला ऐकू येत नाही हे मावशींना तू अजून सांगितलेलं नाहीस. मला ते पटत नाही, पण तो तुझा प्रश्न आहे.

कळावे, माया असू दे.

आसावरी

वरसे, रोहा
१९ फेब्रुवारी २०२५

चि. आसावरीस,
आशीर्वाद.

लाल रेघ कुठल्या गाण्याची, ते तू लिहिलं नाहीस. तू तपशील गाळत नाहीस, म्हणून मी हेमांगीला गाठलं आणि सगळं कागदावर लिहून द्यायला लावलं. तमाशातली लावणी होती. तू आधी कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलंस, मग लावणी. मागच्या रांगेतल्यांनी टाळ्यांवर ठेका धरला, एकाने शिट्टी मारली. मिर्‍यामने पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघत बसली. आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीत हसत होते.

कुणीतरी मोबाइलवर ते घेतलं, आणि वडखळला एका हळदीत मिर्‍यामच्या आवाजाखाली बेंजोचा ठेका घालून त्यावर लोक नाचले, हेही हेमांगीकडून कळलं. श्रेयस तिथे होता म्हणे. म्हणजे तुलाही ठाऊक होतं.

तुला ठाऊक नाही ते आता ऐक. तिचे वडील तरुणपणी जत्रेत तंबूबाहेर उभे राहून तमाशा ऐकत. त्या चालीवर त्यांनी स्तोत्र बसवलं आणि सिनेगॉगमध्ये चाल आपलीच म्हणून सांगितलं. ते गेले त्या वर्षी मिर्‍यामने हे मला सांगितलं, फक्त मला. आता तिची खात्री असणार की मीच तुझ्याकडे बोलले, आणि वर बसून हसलेही.

माझा राहिलेला उत्तरार्ध नेमका हाच होता गं. स्तोत्रांच्या माथ्यावर काही ओळी असतात, कुठे पहाटेच्या हरिणीचं नाव, कुठे फुलांचं. मजकुराशी त्यांचा संबंध लागत नाही. पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की ती त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्यांची नावं आहेत, आपल्या पदांवर ‘चाल’ म्हणून लिहितात तशी. म्हणजे देवासाठी लोकांची चाल घेणं, ही कदाचित दाविदाच्या घरचीच रीत. मिर्‍यामचं नाव न घेता मी एवढं सांगणार होते. ते ऐकून तिच्या मनावरचं ओझं उतरेल, असा माझा बेत होता.

तिच्याकडे तू जा. चाल तुझी तू शोधलीस, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. माझ्या कानांचं मात्र तिला कळता कामा नये. ती गाते ते मला ऐकू येत नाही, हे तिला कसं सांगू?

वत्सलाआत्या

पेण
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल मावशींकडे जाऊन आले. आधी माझं लिहिते. मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं, आणि ते तसं जुळवायला मला बराच वेळ लागला होता. हळदीचं मला त्याआधी दोन दिवस कळलं होतं. श्रेयसने बेंजोवाल्यांना तो तुकडा काढायला लावला, पण लोकांच्या फोनमधून तो आता निघणार नाही.

मावशी मलिद्याचे पोहे निवडत होत्या. पाणी दिलं. चहा विचारला नाही. त्यांच्या घरी हे पहिल्यांदाच.

मी क्रमाने सांगितलं. व्याख्यानासाठी आधी घेतलेल्या त्यांच्या रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर काढायची होती, त्यासाठी त्यांचा सा शोधला, मग जुन्या तबकड्यांच्या संग्रहात तशी चाल कुठे सापडते का ते बघितलं. जुळल्यावर मला फार आनंद झाला आणि मी तो कुणालाही न विचारता पडद्यावर लावला. आत्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. सगळं यंत्राने शोधलं.

त्यांनी विचारलं, आणि यंत्राला गो कुणी सांगितलं? मी पुन्हा समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, बरं, यंत्राने शोधलं असेल. मग वत्सला हसली ती का? तिलाही यंत्रानेच हसायला सांगितलं?

आत्या, याला एकच खरं उत्तर होतं. तू नको म्हटलं होतंस. मी दिलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. कधीपासून, म्हणून विचारलं. मी दोन वर्षं म्हटलं. मग संध्याकाळचं काय, म्हणाल्या. मी सांगितलं, ती तुमच्या ओठांकडे बघते आणि तुम्ही थांबलात की मान हलवते. त्या म्हणाल्या, तरीच. वत्सला मास्तरीण पूर्वी प्रत्येक कडव्यात माझी चूक काढायची. दोन वर्षं एकही काढली नाही. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, जमायला लागलं.

नंतर त्यांनी चहा टाकला.

तुझं गुपितही मी तुला न विचारताच बाहेर काढलं. एकदा केलं तेच पुन्हा केलं, या वेळी समजून उमजून. रागावलीस तर उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मायेत कमी करू नकोस, एवढंच मागते.

आसावरी

वरसे, रोहा
३ मार्च २०२५

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते. चार दिवस कागद हातात घेतला नाही. तिने मला बहिरी म्हणून बघावं, यापेक्षा दगाबाज म्हणून बघितलेलं परवडलं असतं, असंही एका दुपारी वाटून गेलं. दोन्हींची लाज वेगवेगळी असते.

काल संध्याकाळी मिर्‍याम आली. नेहमीच्या जागी, माझ्या उजवीकडे, बसली नाही. कुठला कान बरा, ते खुणेने विचारलं आणि डावीकडे येऊन बसली. मी आतून डबी आणली आणि यंत्र तिच्यासमोर कानात घातलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. चहा पांचट झाला आहे, असं मात्र तिने खणखणीत आवाजात सांगितलं.

मलिद्याला ती गाणार आहे. गाण्याआधी चाल कुठली ते मोठ्याने सांगायचं, स्तोत्राच्या माथ्यावर असते तसं, असं तिने ठरवलंय. सिनेगॉगची मंडळी काय म्हणतील, याची धाकधूक तिला आहे. ती ओळ तू उभी राहून सांगायचीस, असं तिचं म्हणणं. पडदा नको, रेघा नकोत, तोंडाने. तुला ते जड जाईल, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे.

मग ती माझ्या कानाशी वाकून गायली. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता, पण येत होता. तिसऱ्या कडव्यात ती शब्द चुकली. मी थांबवून बरोबर शब्द सांगितला. तिने डोळे पुसले, पुन्हा सुरुवात केली आणि त्याच जागी, माझ्याकडे बघत, तोच शब्द परत चुकवला.

मी परत सांगितला.

नऊ तारखेला सकाळच्या गाडीने ये. तुझी वाट बघते, बघत असतेच.

तुझी,
वत्सलाआत्या