मानेवरचा ठिपका

ता. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, अखेर गाडी घेतली. मोटारसायकल, वापरलेली, काळी, आणि माझ्या उंचीला थोडी जास्तच. रोज बारा-तेरा घरं पायी करायची, कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, आणि संध्याकाळी नर्सबाईंनी स्वतःचेच पाय चोळत बसायचं, याचा कंटाळा आला होता. गाडी घ्यायची तर हसऱ्याकडूनच घे, तो डीलर आपल्या ओळखीचा आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात. तुमचं नाव सांगितल्यावर त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली, आणि या काळीच्या टाकीवर हात ठेवून म्हणाला की ताई, हीच न्या, हिला तुमच्या वडिलांचा हात लागलाय. मग मी काही पाहिलंच नाही. तुमचे जावई वाकून वाकून टायर बघत होते, त्यांनाही ओढून आणलं.

एक बारीकशी कटकट आहे. पुलाकडचा उतार उतरताना ब्रेक दाबला की हँडलखाली टक् वाजतं आणि गाडी डावीकडे ओढते. गॅरेजवाला म्हणतो कोनसेट आवळावा लागेल, म्हणजे हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं त्या. आवळून घेईन.

कागदपत्रांसाठी गाडीच्या मानेवर, म्हणजे हँडल ज्या नळीत बसतं तिच्यावर, कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची असते. मला त्याची गंमत वाटली, म्हणून दोनदा छाप घेतली. एक कागद सोबत ठेवलाय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, निदान गाडी डोळ्यांनी तरी बघा. कडेला माशाच्या खवल्यांसारखं काहीतरी उमटलंय आणि पुढे एक ठिपका. ते काय ते कळवा.

वेल्डिंगला बसताना चष्मा लावत जा. लोभ आहेच, तो पत्रांमधून वरचेवर दिसावा.

आपली,
भिंगरी


ता. ७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र आणि छाप मिळाली. गाडी घेतलीस हे वाचून बरं वाटलं. पण सध्या ती चालवू नकोस. जुनी गाडी आहे, टायर कसे असतील सांगता येत नाही, आणि उताराच्या रस्त्यावर तुझी सवय नाही. काही दिवस पायीच जा, नाहीतर बसने.

दुसरं म्हणजे टाकीच्या पुढे, मानेच्या डाव्या बाजूला रंग कसा आहे ते बघून कळव. नुसतं बघ. तिथे काही ठोकू नकोस, कोणाला ठोकू देऊ नकोस.

मी ठीक आहे. काम नेहमीसारखं. लोभ ठेव आणि सांगितलेलं ऐक.

तुझे,
बाबा


ता. ११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तुमच्या जावयांना वाचून दाखवलं आणि आम्ही दोघंही हसलो. रागावू नका. मी पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा तुम्ही कॅरिअर धरून गल्लीभर पळलात आणि मी पाय टेकून थांबले तरी ते सोडत नव्हतात, हे अजून आठवतं. तुमच्या भीतीने चालायचं तर मी शिडीवरसुद्धा चढले नसते.

पण खरं सांगू, नंतर मला ते पत्र पुन्हा काढून वाचावंसं वाटलं. तुम्ही काही लपवत असलात की तुमचं अक्षर सुरेख येतं. आई गेली तेव्हाही तुम्ही मला होस्टेलवर असंच सुरेख पत्र लिहिलं होतं, की तिला जरा बरं नाही, येऊन जा. या पत्रातली एकही ओळ वाकडी नाही.

मानेचा रंग बघितला. कोनसेट आवळून झाला, तरी टक् थांबलं नाही, उलट आता दर खड्ड्याला वाजतं. डाव्या बाजूला रंगाला केसाएवढी चीर गेलीय आणि तिच्यातून गंजाचं पाणी उतरल्यासारखा ओघळ आहे. गॅरेजवाला म्हणाला नुसता रंग तडकलाय. मी मान डोलावली, पण त्या दिवसापासून उतारावर माझे हात घामेजतात. एखाद्याची जखम वरून कोरडी दिसते आणि दाबली की रुग्ण ओरडतो, तसं काहीतरी वाटतं. तरी चालवतेय, कारण घरं वाढवून घेतलीत आणि माणसं वाट बघतात.

रविवारी आम्ही दोघं पुलापलीकडे जाणार आहोत. ह्यांना नवीन कामाच्या जागी सामान पोचवायचंय, आणि हे मागे बसणार आहेत. काय असेल ते त्याआधी कळवा. लोभ तर आहेच, पण या वेळी खरं हवंय.

आपली,
भिंगरी


ता. १४ मार्च, शनिवार

चि. भिंगरीस,
अ. आ.

ती गाडी चालवू नकोस. सामान राहू दे, जावईबापूंना सांग, गाडीला हातही लावू नका. आधी हे वाच आणि मग उरलेलं वाच.

तो जोड माझा आहे. तू पाठवलेली छाप उघडली आणि ओळखला. वेल्डिंगची शिवण संपली की मी थोडं मागे येऊन एक ठिपका देतो, खड्डा राहू नये म्हणून. उस्तादाने लावलेली सवय आहे, पस्तीस वर्षांत मोडली नाही.

मागच्या वर्षी हसऱ्याने टेम्पोने तीन गाड्यांचे सांगाडे पाठवले. तिन्ही अपघातातले. या काळीची मान पुरती तुटली होती. मी सांगितलं की ही पुन्हा रस्त्यावर जाऊ शकत नाही. तो म्हणाला, रस्त्यावर कुठे न्यायच्यात, शिकवणीच्या वर्कशॉपला द्यायच्यात, विद्यार्थी बघतील आणि कापतील. म्हणून मी आतून आधाराची लोखंडी पट्टी न घालता वरून पातळ शिवण मारली. ते बघण्यापुरतं काम होतं, भार घ्यायचं नव्हे. मग तो म्हणाला, जोड घासून घ्या, दिसता कामा नये, आणि रंग जुळवून द्या. पोरी, तेव्हाच मला कळायला हवं होतं. शिकणाऱ्यांना दाखवायचं असेल तर जोड दिसायला हवा ना. खरं म्हणजे कळलं होतं. मी विचारलं नाही. तो महिन्याला काम पाठवतो, हसून बोलतो, माझं ऐकू न येणं सांभाळून घेतो. मी घासून दिलं, फक्त नंबराला लागून असलेलं शिवणीचं टोक, नंबर पुसू नये म्हणून, तसंच राहिलं.

आणि तुलाच त्याच्याकडे पाठवलं. मला वाटलं, माझ्या मुलीला तो चांगली देईल.

मागचं पत्र दोनदा फाडलं, मग सावकाश, जपून लिहिलं. तुला ते सुरेख दिसलं. आठ दिवस मी लाजेपायी घालवले. शेजारच्या औषधाच्या दुकानात तुला फोन लावायला गेलो होतो, पण चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यादेखत हे ओरडून सांगवेना. परत आलो. या आठ दिवसांत तू तो उतार किती वेळा उतरलीस ते मोजत बसलो होतो.

हे पत्र उद्याच्या पहिल्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, तो ओळखीचा आहे, सात वाजता तुझ्या दारात देईल. त्याच बसमध्ये मला बसता आलं असतं. तुझ्या तोंडावर हे सांगायला धजलो नाही.

लोभ असावा, हे आज कोणत्या तोंडाने लिहू.

तुझे,
बाबा


ता. १७ मार्च

ती. बाबांस,
न. वि. वि.

पत्र पोचलं. आमचं सामान बांधून झालं होतं, हे मागे बसले होते, मी किल्ली फिरवली होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला म्हणून थांबले. नुसत्या हॉर्नवर वाचलो, बाबा. पत्र वाचून मी तिथेच पायरीवर बसले. ह्यांनी किल्ली काढून घेतली.

त्या बसमध्ये तुम्ही असायला हवे होतात. मला फार राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही. राग जोडाचा कमी आहे, त्या सुरेख अक्षराचा जास्त आहे.

सोमवारी हे गाडी ढकलत हसऱ्याकडे घेऊन गेले आणि जोडाचं सगळं त्याला सांगितलं. त्याने वाद न घालता गाडी परत घेतली, म्हणाला भंगारात घालतो. आज सकाळी कामावर जाताना बघितलं तर ती धुऊन पुसून पुढच्या रांगेत उभी होती. भंगारात घालायची गाडी कोणी पुसतं का? दुपारी येताना थांबून जाब विचारावा म्हटलं, तर जागा रिकामी. हसऱ्या म्हणाला, गेली भंगारात. आणि हसला.

बाबा, कोणीतरी ती चालवत असेल. मी आज प्रत्येक घरात पट्टी बांधताना तोच विचार करत होते. माझ्यासाठी तुम्ही उशिरा का होईना पत्र लिहिलंत. त्या माणसाला कोण लिहिणार?

माझा लोभ कुठे गेलेला नाही, पण आधी हे करा.

भिंगरी


ता. २० मार्च, दुपार

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझ्याच गावात आहे, पण तुझ्या घरी आलो नाही. आधी हे करायचं ठरवून पहिल्या बसने निघालो. हसऱ्याच्या फाटकात उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागलो की मी वेल्डर आहे, इथल्या गाड्यांच्या तुटलेल्या माना मी जोडून दिल्यात. तिसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होतो तेव्हा हसऱ्याने मला आत बोलावलं आणि काळी ज्याला विकली त्याचा पत्ता लिहून दिला. पहिल्यांदाच त्याला न हसता बघितलं.

गाडी एका पाव पोचवणाऱ्याने घेतलीय. मागे दोन क्रेट बांधून तो सकाळपासून फिरतोय. त्याच्या घराच्या ओट्यावर बसून हे लिहितोय. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं, तो जोड माझा आहे हेही. तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती खिडकीत जाऊन उभी राहिली. तिने बेकरीत निरोप धाडलाय, पण तो शेवटच्या फेरीला निघून गेला होता. तिच्या बोलण्यावरून कळलं की तो पुलाकडच्या उतारानेच येतो.

ओट्यावरून वळणापलीकडचं दिसत नाही आणि मला गाड्यांचे आवाज ऐकू येत नाहीत. म्हणून मी रस्त्याकडे बघतच नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघतोय. गाडी आली की ती कान टवकारते, गाडी पुढे गेली की पुन्हा पडदा धरते. असं सात वेळा झालं. इतकी भीती मला तुझी आई आजारी होती तेव्हाही वाटली नव्हती, तेव्हा निदान माझा हात त्यात नव्हता.

आठव्यांदा ती बाहेर आली आहे. तिचा चेहरा एकदम सैल पडलाय. म्हणजे त्याचीच गाडी असावी. मी रस्त्यात जाऊन उभा राहतो.

ता. क. तो सुखरूप आला. म्हणाला, दोन दिवस हँडल डगमगतंय, पण हसऱ्याने सांगितलं होतं की चालवून चालवून बसेल. रंगाचा पोपडा काढला तर आतल्या फटीत माझं नख गेलं. मी पिशवीतून करवत काढली आणि त्याच्यासमोर मान कापायला घेतली. अर्धीसुद्धा कापून झाली नाही, आपोआप तुटली. पाववाला तुटलेल्या तुकड्याकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने मला आत यायला सांगितलं, पण मला जाववेना.

हसऱ्याकडून उरलेल्या दोन्ही गाड्यांचे पत्ते घेतलेत. त्या खरंच मी जोडलेल्याच का, ते छाप घेतल्याशिवाय कळणार नाही. हे पत्र पाववाल्याच्या हाती धाडतोय, मी संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर आहे. राग असू दे, पण येणार असलीस तर कागद आणि मऊ पेन्सिल घेऊन ये.

बाबा