माळ न झालेल्या कांद्यांची हकीकत

चैत्र शुद्ध तृतीया, शके १८७७

तीर्थस्वरूप प्रमोदिनीअक्का यांच्या चरणी विश्वंभरचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार केवळ रीतीचा समजू नये. वाफे खणून कंबर धरल्यामुळे मी कालपासून ओटीवर पालथाच पडून आहे आणि पत्रही तसेच लिहीत आहे, तेव्हा आठही अंगे खरोखर जमिनीला टेकली आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला थांबला का? पालीस आमच्यापेक्षा ऊन जास्त, त्यांनी दुपारी देवळाकडे चालत जाऊ नये.

दुर्गा गेल्यावर तुम्ही थोरली बहीण म्हणून इथे राहून सगळे केलेत आणि निघताना दर आठवड्याला पत्र टाक म्हणालात. मी कार्डे टाकली, पण त्यात ‘सर्व ठीक’ याखेरीज काही नसते अशी तुमची तक्रार आली. तक्रार रास्त आहे. पण आज लिहिण्यासारखे इतके साचले आहे की कार्ड पुरणार नाही. त्यातून हरीचेही पत्र आले आहे. बाबांनी आता एकटे राहू नये, वाडी कोणाला तरी कसायला द्यावी आणि गिरगावात आमच्याकडे यावे, असे त्याचे व सूनबाईचे म्हणणे. हनुमानजयंतीला तो मला न्यायला येतो आहे. मुलगा चांगला आहे, बोलतो ते मायेनेच. पण अक्का, मला जायचे नाही. वाडी माझ्याने चालते आहे, नुसती चालत नाही तर उत्तम चालते आहे, हे पुढील हकीकतीवरून तुमच्या ध्यानात येईलच. हरी माझे ऐकत नाही, मावशीचे ऐकतो.

प्रथम रहाटाचे सांगतो. माझी सगळी नोकरी मुंबईत गेली, सुट्टीला बोटीने रेवसला उतरून घरी यायचे ते पाहुण्यासारखे, त्यामुळे रहाटाला बैल जुंपायचा आणि तो फिरतो एवढेच मला ठाऊक. आपला लाल्या काही फिरेना. दोन पावले टाकी आणि उभा राही. चुचकारले, पेंड दाखवली, मागून ढकलूनही पाहिले (यात माझी चप्पल विहिरीत गेली). शेवटी दगडी गडग्यापलीकडच्या ठमाबाईंनी (तुम्हाला आठवत असतील, बाराव्याला ज्यांनी भटजींनाच घाई केली त्या) ओरडून सांगितले, “अवो भावजी, त्याच्याशी बोला! वयनी दिसभर बोलायची, म्हणून त्यो फिरायचा. मुक्यानं न्हाय चालायचा त्यो.” आता माझा स्वभाव तुम्ही जाणता. मी काय बोलणार? प्रथम पाढे म्हटले. तेवीसच्या पाढ्याला लाल्या थांबला, बहुधा मीच अडखळलो म्हणून. मग कचेरीतली जुनी परिपत्रके आठवतील तशी म्हटली, ती त्याला बरी वाटली. ती संपल्यावर मी त्याला आज जेवायला काय केले, भात कसा करपला, पोस्टमन काय म्हणाला असे सांगू लागलो. अक्का, बैल असा चालला म्हणून सांगू! पाणी पाटातून सळसळत सुपारीच्या आळ्यांत शिरले आणि मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने हसलो. ठमाबाई गडग्यावर हनुवटी टेकून ऐकतच होत्या. म्हणाल्या, “बायकोशी इतकं बोलला असता, तर ती बैलाशी कशाला बोलली असती?” मी लाल्याकडे पाहिले. तो फिरतच राहिला.

बोलण्याचा तोटा असा की त्यात मन गुंतते. परवा मी लाल्याला हरीच्या मुंजीची गोष्ट सांगत होतो. (मुंजीत हरी भिक्षावळीचे लाडू घेऊन माळ्यावर लपला होता, ती.) गोष्ट रंगली आणि पाटाचा बांध फोडून पाणी दुसऱ्या आळ्यांकडे वळवायचे राहूनच गेले. पाणी कोठेतरी जायचेच, ते गडग्याखालून ठमाबाईंच्या अंगणात गेले. तिथे चटईवर पोह्यांचे पापड वाळत घातले होते. ती चटई पापडांसकट तुळशीला अर्धी प्रदक्षिणा घालून त्यांच्या न्हाणीच्या दाराशी लागली. मी धावत गेलो, माफी मागितली, उरलेले पापड झाडावर वाळत घालून देतो म्हटले. त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, तुमी झाडावर चढाल आन् मला आनखी एक काम लागंल.

पण पिकाकडे पाहा! दुधी लागला, कारली लागली, लाल माठ तर खाऊन खाऊन माझी जीभ लाल झाली. पहिली काकडी मी वाडीत उभ्यानेच खाल्ली, मीठही न लावता. पडवळाचा मांडव खचला होता. यंदा आपल्याकडे गुढी उभारायची नव्हती, तेव्हा गुढीची काठी रिकामीच होती, ती मी मांडवाला टेकू म्हणून दिली. पाडव्याच्या सकाळी पाहतो तो पडवळाचा वेल काठीच्या टोकापर्यंत चढलेला आणि वर पांढरे फूल! सगळ्या आळीत गुढ्या, आणि आमच्याकडे ही. मी बराच वेळ पाहत उभा होतो. पडवळ सरळ वाढावा म्हणून टोकाला दगड बांधतात, तेही मी केले. दगड सारख्या वजनाचे मिळेनात, म्हणून निवृत्तीच्या वेळी कचेरीने दिलेला काचेचा पेपरवेट सर्वांत मोठ्या पडवळाला बांधला. दुसऱ्या दिवशी पडवळ अर्धा वर आणि अर्धा पेपरवेटसह खाली. पेपरवेट शाबूत आहे.

आता कांद्यांचे. हे हरीला मुळीच कळता कामा नये. फाल्गुनात आपला पांढरा कांदा काढायला आला. पीक दृष्ट लागण्यासारखे! मी उपटून, झटकून, ओळीने मांडला. पण ती लांब लांब पात काही मला बघवेना. मुंबईच्या बाजारात कांदा कसा गोल, स्वच्छ असतो, तसा करावा म्हणून मी विळीवर बसून एकूण एक कांद्याची पात गळ्यापासून कापली. सगळा ढीग ओसरीवर मांडला, वर मोराच्या पिसाने धूळ झटकली. ठमाबाई आल्या, त्यांनी पाहिले आणि कपाळावर हात मारून मटकन खाली बसल्या. “आता माळ कशाची गुंफाल, भावजी? तुमच्या शेंडीची?”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्या पातीचीच वेणी घालून माळ होते, आणि माळ करून आढ्याला टांगला तर पावसाळाभर कांदा टिकतो, हे मी जन्मभर जेवताना मान वर करून पाहत आलो आहे. पण डोक्यात मुंबईचा बाजार. तरी मी हार मानली नाही. दाभण आणि सुतळी घेऊन बसलो आणि फुलांचे हार ओवतात तसे कांदे ओवू लागलो. आपला पांढरा कांदा गोड, डोळ्यांना झोंबत नाही, असे सर्व जण म्हणतात. त्यांनी तो दाभणाने आरपार भोसकून पाहावा. तासाभरात डोळ्यांतून अशा धारा लागल्या की सुतळी दिसेना.

त्याच वेळी ठमाबाई विळा मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. तुम्हाला माहीत आहे, दुर्गा गेली तेव्हा मला रडू आले नव्हते. गावात त्याची बोलवा झाली होती. ठमाबाई उलट पावली गेल्या आणि आळीतल्या बायका घेऊन आल्या. आवडाबाईंनी तर उंबऱ्यावरच सूर धरला. कोणी पाणी दिले, कोणी पाठीवर हात फिरवला, “मोकळं व्हा, भावजी, साठवून ठिवू नका” म्हणू लागल्या. मी दाभण वर करून सांगणार होतो की हे कांद्यामुळे आहे. पण त्या इतक्या मनापासून रडत होत्या की सांगवले नाही. त्यांचे रडणे झाल्यावर प्रत्येकीला टोपलीभर कांदे दिले. भोसकलेला काय नि पात कापलेला काय, कांदा टिकत नाही, तेव्हा सगळे वाटणे भागच होते. माझे डोळे मात्र त्या गेल्यावरही बराच वेळ थांबले नाहीत. कांदे तर तोवर घरात उरले नव्हते.

असो. एकंदर वाडीची स्थिती उत्तम आहे, हे आता तुमची खात्री पटवण्यास पुरेसे व्हावे. मुलांना आशीर्वाद, यजमानांना नमस्कार. कंबर परवानगी देईल तेव्हा बसून पुन्हा एकदा नीट नमस्कार करीन.

आपला आज्ञाधारक
विश्वंभर

ता. क. : हे पत्र हरीला दाखवू नये. त्याने विचारल्यास ‘सर्व ठीक’ एवढेच सांगावे.

आणखी ता. क. : एक गोष्ट वर मुद्दामच लिहिली नाही. विहिरीजवळचा कांद्याचा वाफा मी अजून काढलेला नाही. बाकीची रोपे मागाहून मी आणि ठमाबाईंनी लावली, तो एक वाफा मात्र दुर्गेने आजारी असतानाच स्वतःच्या हाताने लावला होता. त्याच्या माना कधीच पडल्या आहेत, म्हणजे कांदा काढणीला आला आहे. पाणी केव्हाच तोडायला हवे होते, पण मी रोज सकाळी उपटायला म्हणून जातो आणि पाणी घालून परत येतो. ठमाबाई म्हणतात, असेच केलेत तर सडेल. तुम्ही हनुमानजयंतीच्या आधी या. बियाण्याचा कांदा कसा निवडायचा हे दुर्गेला तुम्हीच शिकवले होते. तुम्ही उपटा, तुम्ही निवडा, मी टोपली धरतो. निवडलेले कांदे दसऱ्यानंतर लावायचे, त्यांना फाल्गुनात फुलांचे गोंडे येतात, चैत्रात बी धरते आणि ते पुन्हा दसऱ्यानंतर पेरायचे, असे ठमाबाईंकडून कळले. म्हणजे मला मुंबईस जायला सवड कोठे आहे, हे हरीला तुम्ही समजावून सांगा. माझ्याने त्याच्यासमोर बोलवणार नाही.

आल्यावर चहासाठी थांबू नये. आधी वाफ्यावर जाऊ, नाहीतर मी पुन्हा पाणी घालीन.