जवसाची दुसरी पट्टी

ग्रात निवारा,
३ फेब्रुवारी

चि. अँब्रोस यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लेकीसाठी केलेला स्नोबोर्ड परवा सुखरूप पोचला. एका खांद्यावर पावांचं पोतं आणि दुसऱ्यावर तुझी फळी घेऊन टपाल-सामान वाहणारा थिओडुल धापा टाकत वर आला. आल्याआल्या विचारतो कसा, तुझा भाऊ झाडपाल्याचे बोर्ड करतो म्हणे, मग याला वाटेत पालवी कशी नाही फुटली? आपल्या रानातलं अ‍ॅशचं लाकूड, त्यावर जवसाच्या धाग्याचं कापड, पाइनची राळ आणि वरचं आवरण एरंडेलापासून केलेलं, हे योलांदाने मला दोनदा कौतुकाने सांगितलं. एरंडेलाचं नाव काढल्यावर मला लहानपणीचा तो चमचा आठवला, ते सोड.

पण पोरीचं काहीतरी बिनसलंय. रोज सकाळी मागच्या उतारावर सराव करते. वेग घेतला की बोर्डची शेपूट थरथरते म्हणते, पण दोष स्वतःला देते. आत्या, माझेच पाय कच्चे, असं म्हणत सूप ढवळता ढवळता बैठका मारते. मुखवट्यांचा कार्निव्हल उरकला की महिनाअखेरीला भुऱ्या कड्यावरून उतरायचं तिने ठरवलंय. ज्या वाटेवरून तिचा भाऊ परत आला नाही, तीच वाट. लीनुसचे जास्तीचे हातमोजे अजून माझ्या कपाटात आहेत, आणि कड्याकडची खिडकी मी चार वर्षांत उघडलेली नाही.

इथे डोंगरावर फोन लागत नाही, ही सबब झाली. थिओडुल आठवड्यातून दोनदा वर येतो, त्याच्याजवळ लेकीला चार ओळी द्यायला काय होतं रे तुला? तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,

फिलोमेना


गाव,
६ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पाय कच्चे आहेत म्हणते ना ती? मग बरंच आहे. तिला तसंच वाटू दे. यंदा कडा राहू दे, पुढच्या वर्षी बघू, असं तूच गोडीगुलाबीने सुचव. माझं नाव मात्र घेऊ नकोस. बोर्डबद्दल विचारलंच तर सांग, की लाकूड नवं आहे, बसायला वेळ लागतो.

इकडे मुखवटेवाले गल्लीतून फिरायला लागले. मेंढीची कातडी, कमरेला घंटा, तेच सगळं. दरवर्षी मी दारात उभा राहून त्यांना वाइन देतो. काल घंटा ऐकली आणि आतून कडी लावून बोर्ड दाबायच्या प्रेसमागे जाऊन बसलो. साठीच्या माणसाने शेजाऱ्यांच्या मुखवट्यांना भ्यावं! हसू नकोस. हल्ली दारावर थाप पडली की मला बचावपथकाचीच वाटते.

वारा कुठून वाहतो, बर्फ किती पडला, ते कळव. माझ्या भित्रेपणासकट मला पदरात घे.

तुझा
अँब्रोस


ग्रात निवारा,
१० फेब्रुवारी

चि. अँब्रोस यास आशीर्वाद. वि. वि.

लाकूड बसायला वेळ लागतो, हे तू पर्यटकांना सांग. मीही त्याच कारखान्यात, त्याच भुशात वाढले आहे.

काल योलांदा लंगडत आली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळीनिळी. मी बोर्ड उचलला आणि वडील शिकवायचे तसा बोटाच्या पेराने ठोकून पाहिला. पुढे टण्ण, मध्ये टण्ण, शेपटीशी भद्द. वडिलांनी असली स्की चुलीत घातली असती. पोर दारात उभी राहून बघत होती. मी काही विचारायच्या आत ती निघून गेली.

खरं सांग, काय झालं? राळ नीट सुकली नाही, की कापड कमी पडलं? की तुझे डोळे गेले? गेले असतील तर त्यात लाज कसली, वय झालं आपलं. पण सांग. वादळ येणार असं ऐकल्यापासून ती तारीख अलीकडे ओढायचं म्हणतेय. मी नको म्हटलं, पण माझं कोण ऐकतं! मला फार भीती वाटते रे. उलट टपाली लिही, एवढं ताईसाठी कर.

फिलोमेना


गाव,
१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार करायलाही मला तोंड नाही.

डोळे शाबूत आहेत, हातही. बोर्डमध्ये मागच्या पायाखाली जवसाच्या कापडाच्या दोन पट्ट्या घालायच्या असतात, एकीवर एक, आडव्या. कडक बर्फात बोर्डची कड धरून राहते ती त्या दुसऱ्या पट्टीमुळे. ती मी कापली, हातात घेतली, आणि घातली नाही. जाणूनबुजून. मला वाटलं, सरावात शेपूट थरथरेल, तिचा धीर सुटेल, आणि कड्याचं खूळ आपोआप डोक्यातून जाईल. ती दोष स्वतःच्या पायांना देईल आणि तशीच जाईल, हे मला सुचलंच नाही. बापाच्या कामावर कोणी एवढा विश्वास ठेवतं का गं?

तू म्हणशील, तोंडाने नको म्हणायला काय झालं होतं? लीनुसला म्हणालो होतो. त्या सकाळी दारात उभा राहून ओरडलो, तोही ओरडला, आणि दार आपटून गेला. ते आमचं शेवटचं बोलणं. त्यानंतर नको हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. पोरीने कड्याचं नाव काढलं तेव्हा मी नुसती मान डोलावली आणि फूटपट्टी शोधायला लागलो.

तिला वाचव. बोर्ड लपव, चुलीत घाल, करवतीने काप. ती महिनाअखेरीपर्यंत थांबेल ना? हे पत्र थिओडुल उद्याच वर आणतोय. मुखवट्यांचा आज शेवटचा दिवस. बाहेर सगळे हसतायत, आणि मी ती उरलेली पट्टी समोर ठेवून बसलोय.

आता तुझ्या लोभावर माझा हक्क उरला नाही, तरी तो मागतो.

अँब्रोस


ग्रात निवारा,
१६ फेब्रुवारी

ती. बाबांस योलांदाचा सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: मी जिवंत आहे. डाव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत, बाकी धड आहे.

मी चौदा तारखेलाच गेले. वादळाआधीची तेवढी एकच सकाळ स्वच्छ होती. आत्या दार अडवून उभी राहिली, मी खिडकीतून गेले. हो, तीच, कड्याकडची. कड्याचा वरचा भाग छान उतरले. खाली घशासारखी अरुंद जागा आहे, तिथे वाऱ्याने बर्फ काचेसारखा केला होता. वळले आणि शेपूट सुटली. कुशीवर घसरत गेले, किती ते कळलं नाही. एका खडकावर हात आपटला तिथे थांबले. खाली सगळं मोकळं होतं, बाबा. मग बोर्ड पायातून काढून पाठीला बांधला आणि बर्फात पायऱ्या खणत परत वर चढले. तीन तास लागले. प्रत्येक पायरीला वाटत होतं, ही सुटणार.

निवाऱ्यात पोचले तर थिओडुल कॉफी पीत बसला होता, आणि आत्या हातात तुमचं पत्र घेऊन रडत होती. तिने ते मला वाचायला दिलं. तिच्यावर रागावू नका.

बाबा, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोर्ड हातात आला तसा मी ठोकून पाहिला. त्या प्रेसखाली खेळतच वाढले ना मी! पट्टी नाही, हे लगेच कळलं. पण तुम्ही मुद्दाम काढली असेल, हे स्वप्नातही आलं नाही. मला वाटलं, लीनुस गेल्यापासून तुमचं चित्त ठिकाणावर नाही, आता हातही गेले. परत पाठवला असता तर तुम्हाला ते कळलं असतं, आणि तुम्ही पुन्हा लाकडाला हात लावला नसता. म्हणून आत्याला पायांचं खोटं सांगितलं. आत्याने बोर्ड ठोकला तेव्हा तुमची चूक उघडी पडली असं वाटून मी बाहेर पळाले. तुमच्या हातचा बोर्ड चांगला आहे, हे सगळ्यांना दाखवायचं होतं मला. एवढ्यासाठी मी त्या घशात शिरले. आणि तुम्ही मला जपत होतात! दोन दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते, की लिहायला बसले नाही. अजूनही थोडी चिडलेलीच आहे.

वादळ ओसरलं की हे पत्र घेऊन थिओडुल पुढे निघेल, मागोमाग मी खाली येतेय. बोर्डही आणते, आपण दोघं मिळून कापू. नव्यात दोन्ही पट्ट्या मी माझ्या हाताने घालीन, तुम्ही शेजारी उभे राहून मोजा.

पण त्याआधी एक करायचं. मी दारात उभी राहीन, आणि तुम्ही मला तोंडाने म्हणायचं, योलांदा, कड्यावर जाऊ नकोस. ओरडून म्हणा हवं तर. मी ऐकेन की नाही, ते आत्ता सांगत नाही. पण दार आपटून जाणार नाही, एवढं कबूल.

दार उघडं ठेवा.

तुमची
योलांदा