दुसरी फुंक

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नवीन जालन्यातल्या छातीच्या दवाखान्यात, फुंकायच्या मशीनवर रुजू झाले. शहागडहून निघताना आई म्हणाली, अक्षता, आता तुझ्या घशालाच पगार मिळणार. खोटं नाही. इथं दिवसभर ओरडायचंच काम आहे. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, आणि घ्या, घ्या, छाती भरून घ्या, की लगेच फुंका! मग दम मोकळा करणारं औषध ओढायला द्यायचं, पाव तास बाहेर बाकावर बसवायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं. औषधानं श्वासनळ्या किती मोकळ्या झाल्या ते दोन फुंकांच्या फरकावरून कळतं. ओरडायचं मात्र एकानंच. मधे नातेवाईक बोलले की पेशंट गोंधळतो. मीही फुंकून पाहिलं, आकडे झकास आले. शिपाई मुबारकभाईंनी चहा पाजला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
स्टीलच्या भट्टीवरचे कामगार, कापसाच्या जिनिंगमधल्या बाया, सगळे फुंकायला लाजतात. एका आजोबांची कवळीच नळीबरोबर बाहेर आली. हसू दाबता दाबता माझाच दम लागला.
बाकावर रोज एक बाई येऊन बसते, सगुणाबाई. मुबारकभाईंनी सांगितलं, तिचा नवरा संपत भट्टीवर होता. दिवाळीनंतर इथंच पहिली फुंक देऊन, औषध ओढून बाकावर बसला आणि दुसरी हाक यायच्या आधीच बसल्या जागी गेला. मी तिला घरी जा म्हटलं तर म्हणाली, “त्यांची दुसरी फुंक राह्यलीय, मॅडम. तुम्ही लोकांनी बलावलंच न्हाई.”

८ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर सगुणामावशीला आत आणलं. म्हटलं, तेवढंच तिचं समाधान. दारात उभी राहून नेहमीसारखी हाक मारली, संपतराव, या. रिकाम्या खुर्चीपुढं नळी धरली. घ्या, घ्या, छाती भरून घ्या, म्हणाले, आणि मावशीचा बांध फुटला. मी नळी ठेवून तिला पोटाशी धरलं. दोघी खूप रडलो. मग तिला रिक्षात बसवून दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
मशीन बिघडलंय बहुतेक. औषधानंतर आकडे वाढायचे, तर सगळ्यांचे घटतायत. स्वतः फुंकून पाहिलं, मागच्या सोमवारच्या निम्मे. डॉक्टर म्हणाले, दुरुस्तीवाला बोलावू. पण जिना चढताना मला खरंच धाप लागली. मुबारकभाई बादली उचलता उचलता खाली बसले. मावशी मात्र आज हसत होती. म्हणाली, “ऐका की. ते श्वास घेऊन राह्यले.”

११ फेब्रुवारी
मलाही ऐकू येतंय. खुर्चीतून. आत ओढल्याचा आवाज, लांबच लांब. सोडल्याचा नाहीच. नळीला कुणी तोंड लावलेलं नाही, तरी पडद्यावर रेघ खाली खाली जातेय. फुंकलं की रेघ वर जाते. श्वास घेतला की खाली.
मी त्याला घ्या म्हटलं. फुंका म्हणायचं राहिलं. बिचारा सांगितलेलं करतोय.

१२ फेब्रुवारी
मुबारकभाईंनी फुंका, फुंका ओरडून पाहिलं. नाही ऐकत. ज्यानं घ्या म्हटलं त्याचंच ऐकायचं, आमचाच नियम—
माझा आवाज फुटत नाही. खोलीवर गेले तरी दम तसाच. मुबारकभाईंना मोठ्या दवाखान्यात नेलंय. त्यांच्या लेकी बाकावर रडत होत्या.

१३
खुर्चीपुढं मी आणि मावशी. बोलता येत नाही म्हणून लिहितेय. एका शब्दापुरता दम साठवतेय—
मावशीला कळलं. पाया पडतेय माझ्या. फुंकलं की जातील ते, मॅडम, राहू द्या. कित्ती दिवसांनी आवाज आला त्यांचा—
तिचेही ओठ निळे. मावशी, तू पण मरशील गं—

साठला. थोडासा. म्हणते आता—

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवलाय. हळूच. झोपलेल्याला जागं करू नका म्हणतात, तसा—

फुं