मालकाचा रकाना

२ फेब्रुवारी, सोमवार

यादी आली. रुग्णालयाच्या सर्व्हरवरची दोनशे बारा मशीन. त्यांतल्या सदतीस मशीनच्या मालकाच्या रकान्यात अजून ह्यांचंच नाव.

ती चालवणाऱ्या नव्या प्लॅटफॉर्मला लॉगिन करू शकणारा मालक लागतो. तसा नसेल तर २१ तारखेला, अपग्रेड होताच, ऑटोमेशन ते मशीन आपणहून बंद करणार. ह्यांचं लॉगिन सप्टेंबरात बंद झालं. अर्ज मीच दिला होता. माणूस गेल्यावर किती अर्ज द्यावे लागतात, त्यातलाच एक.

साहेब म्हणाले, "जड जाणार असेल तर दुसऱ्या कुणाला देतो." म्हटलं, द्या इकडे. मशीनना नावं द्यायची ह्यांची तऱ्हा दुसऱ्याला कळायची नाही. (नावं ठेवायला मात्र सगळे तयार!)

३ फेब्रुवारी

रुग्णालयातल्या एकेका विभागाला फोन. एक्सरेवाले म्हणाले, "आमच्या खोलीतलं मशीन आमचं, तुमच्या खोलीतलं तुमचं." सांगितलं — हे लोखंडी नव्हे, आमच्या सर्व्हरच्या पोटात आहे, तुमची जुनी चित्रं त्यातच राहतात. "मग पोटातलं तुम्हीच सांभाळा की!"

नऊ फोन. एकाच ठिकाणी होकार — प्रयोगशाळेच्या बाई. तेही "तुमच्याकडे बघून".

४ फेब्रुवारी

फोन पुरे. सगळ्यांना फॉर्म पाठवला. तीन रकाने — मशीन, मालकाचे नाव, मोबाइल. यात कुणाला काय अडणार!

६ फेब्रुवारी

बावीस फॉर्म परत आले. नावं चढवली. आधी ह्यांचं काढायचं, मग नवं घालायचं. काढताना स्क्रीन विचारतो, "नक्की?" बावीस वेळा नक्की म्हटलं.

९ फेब्रुवारी

दिवसभर जुने प्रोग्राम नव्या प्लॅटफॉर्मला चालतील असे करत होते. ह्यांनी मधेमधे सूचना लिहून ठेवल्यात. "इथे घाई नको." "हे का चालतं माहीत नाही. चालतंय तर चालू दे." घरी इतकं कधी बोलत नसत.

१२ फेब्रुवारी

काल चाचणी म्हणून नव्या मालकांना ऑटोमेशनने संदेश पाठवले. आज सकाळी दारात एक अनोळखी गृहस्थ. कानावर पेन्सिल, हातात मोबाइल.

"डायलिसिसचं मशीन माझ्या नावावर आहे म्हणे. लॉगिन केलं नाही तर बंद पडेल म्हणे. अहो, मी सुतार आहे! मी कुणाचं काय बंद पाडलं?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय तोवर डायलिसिसच्या मोठ्या सिस्टर धावत आल्या. "अगं बाई, तुम्ही इथे कशाला आलात?"

गृहस्थ सिस्टरांचे यजमान निघाले. मालकाचे नाव विचारलं, त्यांनी नवऱ्याचं लिहिलं. वर मोबाइलही त्याचाच!

"सिस्टर, मालक म्हणजे मशीनचा मालक," साहेब म्हणाले.

"मग तसं लिहा ना! मालक म्हटलं की आम्ही घरचाच लिहिणार."

सगळे हसले. मीही हसले, चांगली मोठ्यांदा. मग सिस्टरांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं हो माझं."

म्हटलं, "चुकलं काही नाही. माझ्या यादीतही तेच लिहिलंय."

सुतार पेन्सिल खिशात घालून निघून गेले.

१३ फेब्रुवारी

डायलिसिसच्या मशीनला मालक नाहीच. सुतारांचं नाव काढलं, तर रकान्यात जुनं, ह्यांचंच, परत आलं. सिस्टर स्वतःचं नाव द्यायला तयार नाहीत — "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." कुणाची पाळी कधी, कुणाचं वजन किती, त्यावरून अंगातून किती पाणी काढायचं, सगळं त्यात. साहेब म्हणाले, "तुमचंच घाला."

बघते म्हटलं.

१८ फेब्रुवारी

छत्तीस झाली. एक राहिलं. साहेबांनी दोनदा विचारलं. प्रोग्राम तपासतेय म्हणून सांगितलं. प्रोग्राम सोमवारीच तपासून झाला.

२० फेब्रुवारी

सकाळी अकराला सिस्टर आल्या. रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, "उद्या दुपारच्या पाळीला अकरा माणसं आहेत, बाई. त्यांतल्या दोघांना तर स्वतःचं वजनसुद्धा सांगता येत नाही."

ह्यांचं नाव काढलं. माझं घातलं. नक्की? नक्की.

सिस्टर जाताना पाठीवर हात ठेवून गेल्या.

२१ फेब्रुवारी

दुपारी एकपर्यंत अपग्रेड पार पडलं. दोनशे बारा सुरू. अकराही जणांच्या पाळ्या वेळेवर. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. घरी येऊन झोपले.

२३ फेब्रुवारी

नव्या स्क्रीनवर मालकाशेजारी आणखी एक रकाना आहे — दुसरा मालक. जुन्यावर तो दिसतच नसे. सदतीसही मशीनना तिथे माझं नाव. घालणारे हे. म्हणजे एकही बंद पडलं नसतं.

शेजारी तारीख आहे. गेल्या वर्षीची, ९ एप्रिल. मला आजाराचं सांगितलं ११ जूनला — "कालच रिपोर्ट आला" म्हणाले.

एप्रिलभर मला ऑटोमेशन शिकवत बसायचे. आणि मी भांडत होते — आपली कामं माझ्या गळ्यात मारता म्हणून.