एका मंत्राला एक रविवार

रविवार, ९ नोव्हेंबर
चिवड्याने आज एक राज्य बुडवलं. चार महिने खपून काढलेला खेळाचा नकाशा, शाई नुकती वाळलेली, आणि समाधानने तेलकट बोट ठेवून विचारलं, "सर, हितनं पुढं काय हाय?" आता पुढे तेलाचा तलाव आहे! यापुढे खेळताना कोरडे फुटाणे. हा निषेध मी कायमस्वरूपी नोंदवत आहे.

खेळ माझ्या लेकीने, साक्षीने आणला, दोन वर्षांपूर्वी, पुण्याच्या हॉस्टेलवरून. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सूत्रधाराने प्रसंग सांगायचा, "मी अमुक करतो" म्हणायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. सूत्रधार मी. साक्षी बारामतीहून येते, समाधान कळंबहून मोटार-पंपांचं दुकान बंद करून, आणि त्याच्या गाडीवर मागे जोतीरामतात्या. कारखान्यातले निवृत्त टर्नर, वय बहात्तर. खेळात ते मांत्रिक.

खेळाच्या पुस्तकात मंत्र चारशे! उडायचे, गायब व्हायचे, मेलेला उठवायचे. मी सहा ठेवले. अति सर्वत्र वर्जयेत्. शिवाय किंमत लावली: जो मंत्र म्हणेल त्याने पुढचा रविवार मौन पाळायचं. पात्राने नव्हे, माणसाने. उंबऱ्यात चपला काढल्यापासून चपला घालेपर्यंत.

दोन वर्षांत एकानेही मंत्र म्हटलेला नाही. यालाच मी यश म्हणतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
साक्षीचा मेसेज. "बाबा, तुम्ही जादू देत नाही, शिक्षा देता. रविवारी मतदान घेऊ."
लिहिलं— सूत्रधार निवडून येत नसतो.
उत्तर— "म्हणून तर!"
मुलीला वादविवाद स्पर्धांना मीच पाठवत होतो. भोगा.

कारखान्याचं गाळप सुरू झाल्याची बातमी पेपरला पाठवली. अर्धी छापली. तिथेही माझे शब्द महागच.

रविवार, १६ नोव्हेंबर
मतदान झालं. मंत्र स्वस्त करा— साक्षी, समाधान. करू नका— मी, तात्या. बरोबरी! अध्यक्षांचं जादा मत माझं. साक्षीने फुटाणा फेकून मारला.

तात्या माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पंडित बराबर बोलतोय. बायलर तापल्याबिगर वाफ न्हाय. फुकटची वाफ म्या तरी कुठं बघितली न्हाय."
समाधान— "तात्या, तुमी मांत्रिक हाय का फिटर?"
"टर्नर! फिटर तुझा बाप."

मग दरी आली. समाधानचा कुऱ्हाडवाला पुलावरून घसरला, फासा पडला दोन. खाली पूर. मी पात्राचा मृत्यू उच्चारणार, तोच तात्या उठून उभे राहिले. अक्षरशः. हात वर. जलस्तंभनाचा मंत्र. दोन वर्षांत पहिला! नदी थांबली. खरंच थांबल्यासारखं वाटलं. समाधानने त्यांचे पाय धरले.

असा क्षण स्वस्त जादूत येईल? येऊ दे की चारशे मंत्रांची यादी घेऊन कुणी, मी उंबऱ्यात उभा आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर
तात्यांचा फोन. "मौन रईवारीच ना? मग आज बोलून घितो." चाळीस मिनिटं.

रविवार, २३ नोव्हेंबर
बारामती. दवाखान्याच्या बाकावर लिहितोय.

तात्या तीनला आले. चपला काढल्या, ओठांवर बोट ठेवलं, बसले. तासभर नुसती धमाल. भुवयांनी लढले, बोटांनी वाटाघाटी केल्या. राक्षसाला खुणेने शिवी दिली, ती आम्हा सगळ्यांना कळली. मग चहा आला. थोडा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. पुढे फासा उचलेना. तोंडाकडे बोट दाखवू लागले. समाधानने टाळ्या वाजवल्या— "तात्या, नाटकात पायजे हुता तुमी!"

साक्षी म्हणाली, "तात्या, पुरे आता, बोला."
मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

पाच वाजून गेल्यावर तिने त्यांना दोन्ही हात वर करायला लावले. एकच वर गेला.

समाधानने शेजारची जीप काढली. सव्वासहाला इथे पोचलो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "बोलणं कधी बंद झालं?"
कोण सांगणार! माणूस तीनपासून गप्प होता, आमच्याच हुकमाने.
"गाडीवर बडबडत हुते," समाधान म्हणाला. "तीनपतोर चांगले हुते."
डॉक्टरांनी तीनपासून तास मोजले. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत हवं, म्हणाले. इंजेक्शन दिलं. आणखी लवकर आणायला हवं होतं, हेही म्हणाले.

सोमवार, २४ नोव्हेंबर
जीव वाचला. उजवा हात थोडा हलतो. वाचा नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर
समाधान म्हणतो खेळ बंद. साक्षी म्हणते, निदान तो नियम काढा. मी काढणार नाही! रक्ताची गुठळी काय फासा टाकून येते? मौन व्रत हजारो वर्षं माणसं पाळत आली, कुणाला झटका आला म्हणून व्रत सोडलं नाही कुणी. दोष द्यायला काहीतरी लागतं लोकांना. नियम गरीब बिचारा, उलटून बोलत नाही.

हे सगळं दवाखान्याच्या पायरीवर ठणकावून सांगितलं. तात्यांच्या बानूबाई डबा घेऊन उभ्या होत्या, ते दिसलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या खेळात त्वांड बंद करायचा मंतर हाय, उघडायचा न्हाय व्हय?"

शास्त्रार्थात मी कधी हरलो नव्हतो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
तात्यांनी मला जवळ बोलावलं, डाव्या हाताने. ओठ जुळवत राहिले, बराच वेळ. शेवटी निघालं— "म्हा... ग."
आणि हसले. अर्ध्या तोंडाने.
साक्षी रडत बाहेर गेली. मी म्हणालो, "बघा, मंत्र महागच म्हणतायत, तात्या अजून माझ्याच बाजूने आहेत." अजूनही नियम काढणार नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर
कुणी आलं नाही. नकाशा अंथरून बसलो. चहाचा एक थेंब आहे त्यावर, तेलाच्या तलावाशेजारी.

तो सांडला तेव्हा सव्वाचार झाले होते. मी घड्याळ पाहिलं होतं. तात्यांचा ओठ वाकडा झालेलाही पाहिला, आणि काय असेल ते कळलंही. डाव रंगात होता. माझा नियम पहिल्यांदाच सर्वांना आवडत होता. डॉक्टरांनी वेळ विचारली तेव्हाही सांगितलं नाही.

मौन तात्यांचं होतं. गप्प मी बसलो. त्यांची वाचा परत आली नाही, तर ती त्या पाऊण तासात गेली असेल, याची मला भीती वाटते.